सहा महिन्यांत सहा आजारपणं: मुलाची 'इम्युनिटी' खरंच कमी आहे का?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून मजकूर थोडक्यात असा:

मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन १४ किलो. जूनमध्ये बालवाडीत घातला. तेव्हापासून डिसेंबरपर्यंत चार वेळा सर्दी-ताप, एकदा जुलाब, एकदा हाता-पायांवर आणि तोंडात फोड. दर वेळी आठवड्याभरात बरा होतो, दोन-तीन आठवडे जातात न जातात तोच पुन्हा शिंका सुरू. सासूबाई म्हणतात, पोराच्या अंगात ताकदच नाही, रोज काढा द्यायला हवा. शेजारणीने 'इम्युनिटी' पावडरचा डबा आणून दिला आहे. मिस्टरांचं म्हणणं, शरीराला नैसर्गिकपणे लढू द्यावं, पुढच्या लशी नकोत. मागच्या तापात मात्र तेच फार्मसीतून अँटिबायोटिकची बाटली घेऊन आले. सासऱ्यांना गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला होता. 'आता मला तो परत होत नाही' म्हणत ते मच्छरदाणी लावू देत नाहीत. भगिनींच्या स्वतःच्या मनात वेगळंच सलतं आहे: नोकरीवर रुजू व्हायचं म्हणून आठव्या महिन्यात अंगावरचं दूध सोडवलं, त्याचाच तर हा परिणाम नसेल? बालवाडी वर्षभर बंद करावी का आणि प्रतिकारशक्ती वाढवायला नेमकं काय द्यावं, हे त्यांचे दोन प्रश्न.

ताई,

आधी दुधाचं बोलू, म्हणजे ते मनातून एकदाचं जाईल. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतर सहा ते बारा महिन्यांत ओसरतात. दुधातून मिळतात ती वेगळी. ती बाळाच्या घशाला आणि आतड्याला आतून लेपासारखी बसतात आणि दूध चालू असेपर्यंत काम करतात. तुम्ही आठ महिने पाजलंत, म्हणजे बाळ सर्वांत नाजूक असतं तो काळ त्यात निघून गेला. साडेतिसऱ्या वर्षीच्या सर्दीचा हिशेब त्या दुधाकडे मागण्यात अर्थ नाही.

आता मुलाचं. 'दर वेळी आठवड्याभरात बरा होतो' हे वाक्य तुम्ही तक्रारीच्या ओघात लिहिलं आहे, पण पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे. या वयात वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं सर्वसाधारण मानतात, आणि मूल पहिल्यांदा दहा-वीस मुलांत जाऊन बसतं त्या वर्षी दहा-बारा वेळाही. एक सर्दी सात ते दहा दिवस चालते, मागे उरलेला खोकला दोन-तीन आठवडे. म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात नाक अगदी कोरडं असलेला आठवडा मिळाला तरच नवल. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, आणि एकाची ओळख पटली म्हणून दुसऱ्यापासून सुटका होत नाही. हाता-पायांवरचे फोडही एकाच नव्हे, तर तीन-चार जातींच्या विषाणूंमुळे उठतात, तेव्हा ते पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आले तर दचकू नका.

तुमच्या घरात चाललेल्या सगळ्या वादांच्या मुळाशी मला एकच समजूत दिसते: प्रतिकारशक्ती म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी, कमी झाली की काहीतरी ओतून भरायची. सासूबाई काढ्याने भरू पाहतात, शेजारीण पावडरने, आणि सासऱ्यांना वाटतं त्यांची काठोकाठ भरली आहे. शरीरात अशी टाकी नाही. तिथे एकामागे एक कामं होतात, प्रत्येकाला ठरावीक वेळ लागतो, आणि त्यातलं शेवटचं काम ओळख लक्षात ठेवण्याचं असतं. हे नीट कळलं तर काय करायचं आणि काय नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

बहुतेक जंतू आत शिरतच नाहीत. अखंड कातडी त्यांना अडवते, लाळेत आणि अश्रूंत जिवाणूंचं कवच फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, जठरातलं आम्ल अन्नाबरोबर गेलेले पुष्कळसे मारतं. नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या नळ्यांना आतून सूक्ष्म केस असतात; त्यांच्यावर चिकट पातळ थर असतो, त्यात धूळ-जंतू अडकतात आणि ते केस हा थर सतत घशाकडे ढकलत राहतात. धुराने हे केस मंदावतात. म्हणून पावडरीच्या आधी घरातला धूर बघा: विडी-सिगरेट, बंद खोलीत रात्रभर जळणारी मच्छर कॉइल, संध्याकाळचा धूप. मच्छरदाणी लावली तर कॉइल लागत नाही, ही एकच गोष्ट दोन आजारांना पुरते.

जंतू आत शिरलाच तर काही तासांत पहिली फळी कामाला लागते. ही फळी कोण आला ते विचारत बसत नाही. परका दिसला की पांढऱ्या पेशी धावून येतात, त्याला गिळतात आणि स्वतःही मरतात. तुम्ही रुमालावर जो हिरवा-पिवळा शेंबूड पाहून घाबरता ना, तो नीट बघा. पहिल्या दोन दिवसांत पाण्यासारखा, मग पांढरट दाट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट, आणि पुन्हा पातळ होत जातो. हा हिरवा रंग जंतूचा नसतो. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींत जंतू मारण्यासाठी एक लोहयुक्त विकर असतं, त्याचाच रंग हिरवा. पेशी मेल्या की तो बाहेर दिसतो. 'शेंबूड हिरवा झाला, आता अँटिबायोटिक लागणार' हा आपल्याकडचा सर्वांत महागडा गैरसमज असेल. रंगापेक्षा दिवस मोजा: दहा दिवस उलटूनही नाक तसंच वाहतंय, किंवा उतरलेला ताप पाच-सहा दिवसांनी पुन्हा चढला, तर डॉक्टरांकडे जा.

तापही याच फळीचा भाग. मेंदू शरीराचं तापमान जाणूनबुजून वर नेतो. नाकातल्या ३३ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात ऱ्हायनोव्हायरस मजेत वाढतो. तापलेल्या शरीरात त्याचं आणि इतर कित्येक जंतूंचं फावत नाही, उलट आपल्या पेशी चपळ होतात. म्हणून १०० ताप दिसला की लगेच औषध पाजायची घाई नको. पोरगा खेळतोय, पितोय, तर १०१-१०२ पर्यंत नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. औषध द्यायचं ते अंगदुखी आणि अस्वस्थता कमी व्हावी म्हणून. थर्मामीटरवरचा आकडा खाली आणण्यासाठी नव्हे.

दिलंच तर मोजून द्या, कारण घराघरांत चूक होते ती इथेच. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम. तुमच्या मुलाचं वजन १४ किलो, म्हणजे १४० ते २१० मिलिग्रॅम. आता बाटल्या तीन तऱ्हेच्या येतात. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमवाली असेल तर ४ मिलिलिटर; ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमवाली असेल तर ८ मिलिलिटर; आणि तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स, ज्यात १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं, ते असतील तर फक्त २ मिलिलिटर. ड्रॉप्सची बाटली सिरप समजून ८ मिलिलिटर पाजली तर चौपट औषध पोटात जातं आणि यकृतावर बेततं. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, बाटलीबरोबरचं माप किंवा सिरिंज वापरा. दोन मात्रांत किमान चार तास, शक्यतो सहा. दिवसात चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असू शकतं, मग नकळत दुप्पट जातं. तसंही क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि पावसाळ्यात, डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत, आयब्युप्रोफेन किंवा मेफेनामिक ॲसिड घरच्या घरी नको. तापाच्या काही सिरपमध्ये ते पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेलं असतं. लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

तापात आकडी आलीच तर, आणि या वयात काही मुलांना येते, कुशीवर निजवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा, कांदा, पाणी काहीही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. थांबली तरी पहिल्या वेळी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचंच.

दुसरी फळी सावकाश तयार होते, पण खरी करामत तिची. कोट्यवधी लिम्फोसाइट पेशींपैकी ज्या थोड्यांना नेमका हा जंतू ओळखता येतो, त्या मानेतल्या, जबड्याखालच्या गाठींत भराभर वाढू लागतात. मुलाच्या मानेला वाटाण्याएवढ्या हलणाऱ्या गाठी लागतात त्या याच. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, दगडासारखी टणक, गळपट्टीच्या हाडावर असलेली किंवा महिनाभरात न ओसरणारी गाठ तेवढी तपासून घ्या. नव्या जंतूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला सात ते दहा दिवस लागतात. तुमचा मुलगा 'आठवड्याभरात' बरा होतो तो या वेळापत्रकानुसार. लढाई संपल्यावर यातल्या काही पेशी वर्षानुवर्षं टिकतात, आणि तोच जंतू पुन्हा आला तर दोन-तीन दिवसांत, पुष्कळदा लक्षणं दिसायच्या आत, त्याचा निकाल लावतात. तेव्हा गेल्या सहा महिन्यांत मुलाच्या अंगातून काही कमी झालेलं नाही. सहा जंतूंची ओळख जमा झाली आहे.

बालवाडीचं उत्तर यातच आलं. अमेरिकेत आणि कॅनडात मुलांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून झालेल्या अभ्यासांत असं दिसलं, की लहानपणी पाळणाघरात जाणारी मुलं सुरुवातीला जास्त आजारी पडतात आणि प्राथमिक शाळेच्या वयात घरी वाढलेल्यांपेक्षा कमी. बालवाडी बंद केली तर ही आजारपणं पहिलीच्या वर्षात ढकलली जातील एवढंच. बंद करू नका. ताप मात्र औषधाशिवाय चोवीस तास उतरलेला राहिला तरच पाठवा, आणि सकाळी पॅरासिटामॉल पाजून कदंब बसमध्ये बसवून शाळेत सोडायचं, ही नोकरदार आईबापांची युक्ती करू नका. तुमची अडचण कळते, पण ती साथ मग सगळ्या वर्गाला पुरते. घरी आल्यावर बूट काढायच्या आधी साबणाने वीस सेकंद हात धुवायची सवय लावा. जंतुनाशक साबण मुद्दाम लागत नाही.

आता सासऱ्यांकडे वळते, कारण घरात या घडीला जास्त धोका कुणाला असेल तर नातवापेक्षा त्यांना. ओळख नेमकी असते, हे वर सांगितलं. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकदा होऊन गेला की त्या एका प्रकारापासून जन्मभर संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून जेमतेम काही महिने. पुढे त्या तिघांपैकी एखादा आला, तर जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात खरी, पण निकामी करू शकत नाहीत. उलट त्यांच्या आधाराने विषाणूला पांढऱ्या पेशींत शिरायला वाट मिळते. म्हणूनच दुसऱ्या वेळचा डेंग्यू गंभीर होण्याची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त असते. 'मला होऊन गेला' हे मच्छरदाणी काढण्याचं नव्हे, लावण्याचं कारण आहे. आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास सर्वांत जास्त. तेव्हा मासळी-भातावरची वामकुक्षीसुद्धा मच्छरदाणीतच. रात्रीपुरती लावून भागत नाही.

परसात बघा: कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, पडलेल्या करवंट्या, जळाऊ लाकडांवर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून सगळं उपडं करा. नुसतं ओतून उपयोग नाही, कडा घासा. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात. एप्रिल-मेमध्ये सुकलेलं पिंप मृगाच्या पहिल्या पावसात भरतं आणि डास तयार होतात ते असे.

डेंग्यूत लोक फसतात ते ताप उतरल्यावर. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप जातो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं किंवा उगाच बेचैन होणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर पपईच्या पानांचा रस काढत बसू नका, इस्पितळ गाठा. प्लेटलेटच्या आकड्याइतकंच रक्त दाट होतंय का, म्हणजे अहवालातलं हिमॅटोक्रिट, याकडे डॉक्टरांचं लक्ष असतं. रक्ततपासणी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी), त्यानंतर आयजीएम (प्रतिपिंडं शोधणारी). उलट केलं तर आजार असून अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. जाता जाता एवढंच: घरातलं कुणी शेतात चिखलात उतरलं असेल तर लेप्टोसाठी (उंदरांच्या लघवीतून चिखल-पाण्यात येणारा जंतू), आणि सत्तरी तालुक्याच्या बाजूला काजूत किंवा रानात जाऊन आलं असेल तर माकडतापासाठी (रानातल्या गोचिडींमुळे होणारा ताप), ताप आल्यावर डॉक्टरांनी विचारायच्या आधीच ते त्यांना सांगा.

मिस्टरांच्या 'नैसर्गिक'बद्दल. लस शरीराऐवजी लढत नाही. ती जंतूची ओळख करून देते, पुढचं सगळं शरीरच करतं, त्याच गाठींत, त्याच पेशींकडून. फक्त आजार सोसावा लागत नाही. आणि आजारातून मिळणारी ओळख नेहमी चांगलीच असते असंही नाही. धनुर्वात होऊन माणूस वाचला तरी त्याला प्रतिकारशक्ती येत नाही, कारण जीव घ्यायला पुरेसं असलेलं त्या जंतूचं विष ओळख पटण्याइतकंही नसतं. त्यालासुद्धा लस द्यावीच लागते. गोवराचं तर याहून वाईट. तो आधीच्या ओळखी पुसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा त्यांच्या जुन्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. गोवर-रुबेलाच्या लशीने असं होत नाही.

तेव्हा कपाटातून लसीकरणाचं कार्ड काढा. १६ ते २४ महिन्यांच्या रकान्यात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर, या तिन्हींसमोर तारीख आहे का? राहिलं असेल तर वेळ गेलेली नाही: गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत आणि डीपीटी सात वर्षांपर्यंत देता येते, जवळच्या आरोग्य केंद्रात मोफत. पुढचा डीपीटी बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान. जीवनसत्त्व 'अ'चा डोस पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी असतो आणि दोन वर्षांनंतर तोच हमखास विसरला जातो, मागून घ्या. सरकारी यादीत नसलेली, पण या मुलासाठी विचार करावा अशी लस फ्लूची. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दर वर्षी एक. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात, म्हणून एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. सगळ्या सर्द्या तिने थांबणार नाहीत, फ्लू थांबेल किंवा सौम्य होईल.

आणि तेच मिस्टर अँटिबायोटिक घेऊन आले, यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच बोला. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, सर्दीच्या विषाणूंवर शून्य. आतड्यातले उपयोगी जिवाणू मात्र त्याने मरतात, जे एरवी रोगजंतूंना जागाच मिळू देत नाहीत. औषधानंतर जुलाब लागतात ते बहुधा त्यामुळे. चिठ्ठीशिवाय ते विकणं बेकायदा आहे, पण ओळखीच्या फार्मसीत मिळतं हे आपण सगळे जाणतो. बाटली उरली असेल तर पुढच्या तापासाठी ठेवू नका: पाणी घालून तयार केलेलं असं सिरप बहुतेक वेळा आठवड्याभरात निकामी होतं. डॉक्टरांनी कान किंवा छाती तपासून लिहून दिलं, तर मात्र सांगितलेले सगळे दिवस द्या.

सासूबाईंशी वाद घालू नका. आलं-तुळशीचा कोमट घोट, रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध, याने खोकल्याला आराम पडतो. मधाला अभ्यासांचाही थोडाफार आधार आहे, फक्त वर्षाखालच्या बाळाला तो कधीच नाही. नको आहे तो रोजचा गुळवेलीचा काढा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला झालेल्या इजेची नोंद केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर हरकत घेतली, हेही सांगायला हवं. पण त्या रुग्णांचं स्वरूप बरंचसं असं होतं की त्यांची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उठली होती. ही यंत्रणा भडकवणं नेहमी हिताचं नसतं. दमा, ॲलर्जी, संधिवाताचे काही प्रकार हे ती नको तिथे पेटल्याचेच आजार. साडेतीन वर्षांच्या यकृतावर हा प्रयोग कशाला?

शेजारणीच्या डब्याचं सोपं आहे. मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन पहिल्या दोन-तीनांत असेल तर तुम्ही गोड पूड विकत घेतली आहे. त्या पैशात अंडी येतात. प्रतिपिंडं ही प्रथिनंच असतात, ती अन्नातल्या प्रथिनांतून घडतात. रोज एक अंडं किंवा मासळीचा तुकडा, डाळ, नाचणीचं सत्त्व, हंगामात पेरू. तिसऱ्या आणि शिनाणे या शिंपल्यांतून जस्त आणि लोह दोन्ही मिळतात, पण नीट उकडलेल्या, आणि मुलाला पचतात का ते थोडं देऊन बघून. जेवणाबरोबर चहा नको, त्याने लोह शोषलं जात नाही. जंताची गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडी-शाळांतून मिळते. आणि झोप: या वयात दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास. मोठ्यांबरोबर मालिका संपेपर्यंत जागणाऱ्या मुलाला कुठलीच पावडर पुरणार नाही.

जुलाबात पेज उत्तम, मीठ घालून. पण पेजेच्या जोडीला ओआरएस: एक मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. ग्लासात अर्धं पाकीट ओतलं तर ते इतकं खारट होतं की अपायच होतो. दर जुलाबामागे १०० ते २०० मिलिलिटर, घोट घोट, आणि २० मिलिग्रॅम झिंक रोज, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण. दुकानातली गोड रंगीत पेयं ओआरएस नव्हेत.

प्रतिकारशक्ती खरोखर कमी असलेल्या मुलाचं चित्र कसं असतं, ते आता सांगते, कारण ही शंका पत्र वाचणाऱ्या इतर आयांच्याही मनात येईल. वर्षात दोन वेळा न्यूमोनिया. चार किंवा जास्त वेळा कानाला जंतुसंसर्ग. दोन-दोन महिने अँटिबायोटिक देऊनही गुण नाही, किंवा शिरेतून दिल्याशिवाय बरंच होत नाही. कातडीखाली किंवा अवयवांत पुन्हा पुन्हा गळवं. वर्षाचं झाल्यावरही तोंडात न जाणारी पांढरी बुरशी. वजन-उंची थांबणं. घराण्यात असं मूल लहानपणी दगावलेलं असणं. यातलं दोन-तीन जुळलं तर बालरोगतज्ज्ञांकडे, आणि त्यांनी सांगितलं तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, सविस्तर तपासणी. त्याची सुरुवात साध्या सीबीसीने आणि रक्तातल्या इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे प्रतिपिंडांच्या, मोजणीने होते. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही. वजन १४ किलो या वयाला ठीक आहे. पुढच्या वर्षभरात साधारण दोन किलो वाढायला हवं. दर तीन महिन्यांनी, त्याच काट्यावर, वजन करून कार्डावर तारखेसह लिहा.

आणि पुढच्या सर्दीत रात्री दोन वाजता घाबरायला झालं तर हे करा. तो झोपलेला किंवा शांत असताना सदरा वर करून छाती-पोट बघा आणि पूर्ण साठ सेकंद श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, मुलांचा श्वास एकसारखा नसतो. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास, बरगड्यांखाली खळगी पडणं, ओठ निळसर दिसणं, काहीच न पिणं, सहा-आठ तास लघवी न होणं, हाक मारून नीट न उठणं, यातलं एक जरी असलं तरी सकाळची वाट बघू नका. ताप तीन दिवस टिकला तर चौथ्या दिवशी तपासणी. यातलं काही नसेल तर नाकात मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब सोडा, डोकं थोडं उंच करा आणि तुम्हीही झोपा.